मुक्ताकाकीचं गाणं

भातकापणी सुरू झाली की मला आईकडे जावंसं वाटतं आणि जायची भीतीही वाटते. हे वाक्य माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं निबंधात लिहिलं असतं, तर मी शेजारी लाल शाईनं विचारलं असतं, ‘भीती कसली? स्पष्ट कर.’ इतकी वर्षं मास्तरीणपणा करून दुसऱ्याच्या वाक्याला प्रश्न विचारायची खोड लागली आहे. माझ्या वाक्यांना कुणी विचारत नाही, म्हणून माझं आजवर निभावलं.

दिवाळी झाली आहे, सुट्टी थोडी उरली आहे. महाडात आमच्या घरासमोरून पेंढ्यानं भरलेले टेम्पो जायला लागलेत. समोर चपलांचं दुकान आहे, तिथं सकाळपासून जुनी गाणी लागतात. दुकानदार पन्नाशीचा, पोट सुटलेला, गिऱ्हाइकाच्या पायात सहा नंबर घालता घालता विरहाची ओळ गुणगुणतो. गिऱ्हाईकही पाय पुढे करून तीच ओळ पुढे नेतं. दोघांनाही त्या वेळी कुणाचा विरह झालेला नसतो. एकाला चप्पल विकायची असते, दुसऱ्याला पोलादपूरची गाडी गाठायची असते. तरी ती ओळ दोघांच्या तोंडात असते. मी खिडकीतून बघते आणि खिडकी लावून घेते. गाणं वाईट असतं म्हणून नव्हे. ते माझ्या आईचं असतं म्हणून.

आमची वाडी पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वर. एसटी कापड्यापर्यंत, पुढे पाऊण तास चढण. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, एकेक शेत अंगणाएवढं. आमच्याकडे कापणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्या बाया तुमच्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. त्यामुळे सावडीत कुणाला घ्यायचं हे बाया फार पारखून ठरवायच्या. जिचा हात जड, तिच्यामुळे सगळ्यांचा दिवस लांबतो. माझ्या आईचा हात जडच होता. ती पातीत, म्हणजे कापणाऱ्या बायांच्या रांगेत, कायम चार हात मागे असायची. तरी सावड ठरवताना पहिलं नाव तिचं निघायचं, कारण ती गायची.

गायची म्हणजे ओव्या नाही. ओव्या म्हाताऱ्या म्हणायच्या. आई सिनेमातली गाणी गायची, तीसुद्धा जुनी, तिच्या लग्नाच्या आगेमागे निघालेली. मराठी गायची, हिंदीही गायची. हिंदी तिला बोलता येत नव्हतं, गाता मात्र येत होतं. बाया विळे चालवता चालवता मागणी करायच्या. गाण्याचं नाव कुणालाच ठाऊक नसे. “चांदण्याचं घे,” कुणी म्हणायची. “नाय, ते होडीतलं घे.” “वाट बघायचं घे गो, माझा धनी दिवाळीला पण आला नाय.” मग सगळ्या हसायच्या आणि आई वाट बघायचं गाणं घ्यायची. डोक्यावर अकराचं ऊन, पायात चिखलाचे सुकलेले ठोकळे, हाताला भाताच्या पातीनं कापलेलं, आणि गाण्यात चांदणं पडलेलं. त्यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही लहानपणी वाटलं नाही. शिकल्यावर वाटायला लागलं.

ही गाणी तिच्याकडे आली कुठून, तर बाबांकडून. बाबा मुंबईत एका लाँड्रीत इस्त्री करायचे. लाँड्रीत रेडिओ दिवसभर चालू. शिमग्याला आणि कापणीला गावी यायचे. एका वर्षी येताना त्यांनी कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर आणला आणि आईला सांगून गेले, दुपारी दोनला फर्माईशीची गाणी लागतात, ती ऐकत जा, मी पण तिकडं तीच ऐकत असतो. बस, एवढंच. आईला लिहितावाचता येत नव्हतं. पत्र आलं तर ते मी वाचायची, म्हणजे पत्रात बाबा काय लिहिणार? सर्वांची प्रकृती बरी असावी, म्हशीला कसं आहे, नंदाच्या अभ्यासाकडे लक्ष देणे. नंदा म्हणजे मी. पण दोनच्या गाण्यांना मधला वाचणारा लागत नव्हता. शाळेतून मी लवकर आले की आई पडवीत ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेली दिसायची. डोंगरामुळे तो खरखरायचा. ती त्याला इकडून तिकडं फिरवायची, दिशा सापडली की हात तसाच धरून बसायची, हाताला रग लागली तरी.

आमच्याकडची नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत. बाबा गावी आले तरी आई त्यांच्याशी माझ्यामार्फतच बोलायची. “नंदा, सांग त्यांना, पाणी तापलंय.” ते दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. कधी थेट बोलायची वेळ आलीच तर ‘अवो’, तेही भिंतीकडे बघून. जन्मात तिनं त्यांना ‘तू’ म्हटलं नाही. गाण्यात मात्र सगळंच ‘तू’ असतं. तू ये, तू जाऊ नको, तुझ्यावाचून करमत नाही. मला आता वाटतं, ही जुनी प्रेमाची गाणी इतकी टिकली ती त्यांच्या चालींमुळे टिकली असतील, गाणाऱ्यांच्या गळ्यामुळे टिकली असतील, जाणकार सांगतील ते खरं. पण आमच्या डोंगरातल्या बायांनी ती धरून ठेवली, कारण नवऱ्याशी जे बोलायची सोय नव्हती ते त्यात बोलता येत होतं आणि कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. गाणंच तर आहे ते. कोणी विचारलं तर म्हणायचं, रेडिओवर लागतं ते म्हणतेय.

मी बारावीत असताना बाबा गेले. मुंबईतच गेले, दोन दिवसांच्या तापानं. त्या वर्षीच्या कापणीला आई सावडीत गेली, पण गायली नाही आणि कुणी गा म्हटलंही नाही. ट्रान्झिस्टर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात वर गेला.

मला सांगायचंय ती कापणी त्याच्या पुढच्या वर्षीची. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी महाडला डी.एड. करत होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. मुक्ताकाकी म्हणजे आमची शेजारीण, कुडाच्या भिंतीपलीकडची. आवाज फुटक्या घागरीचा, जीव सोन्याचा. ती पातीत आईच्या बाजूला मुद्दाम लागली आणि दिवसभर तिच्या मागे लागली. भात पडलंय नुसतं, हात चालत नाय कुणाचा, तू गप तर सगळ्याच गप, असं तिचं चाललं होतं. आई ऐकून न ऐकल्यासारखी. शेवटी काकी हातातली मूठ खाली ठेवून म्हणाली, “तो गेला म्हणून तुला काय सांगून गेला का, की तोंड शिवून बस? त्यानंच तर शिकवलान तुला.”

आईनं चार मुठी कापल्या. मग तिनं वाट बघायचं गाणं घेतलं. आवाज सुरुवातीला फुटला, दुसऱ्या कडव्याला लागला. बायांचे विळे एकदम चालायला लागले. मी बांधावर भारे बांधत होते. मला रडू आलं आणि फार बरं वाटलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. पुढचं ऐकून कुणाला वाटेल, हिला काळीजच नव्हतं. काळीज होतं, पण जिभेपुढे त्याचं काही चाललं नाही.

त्याच्यानंतर पाच-सहा दिवस ती रोज गायली. माझ्या कानावर मात्र दुसरंही येत होतं. विहिरीवर कुणीतरी कुणाला म्हणालं, नवरा जाऊन दोन वरसं नाय झाली नि हिला चांदणं सुचतंय. बोलणाऱ्यानं मला बघून आवाज खाली आणला, म्हणून तर ते मला जास्त लागलं. त्यात मी डी.एड.ला. महाडात खोलीवर चार मुलींत राहून, इस्त्रीचे कपडे घालून, ‘हाय’चं ‘आहे’ करून मी नुकतीच सुधारले होते. डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला प्रत्यक्ष ब्रह्मदेवही काही शिकवू शकत नाही. तिला सगळं येत असतं.

आणि मला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा महाडात कचेरीत कारकून, घरी आई. निरोप रविवारचा होता. ते शनिवारीच आले. का, तर रविवारी गाड्या कमी असतात म्हणून. कापड्याला उतरून वर चढले, तर वाडीत चिटपाखरू नाही, आमच्या घराला कडी. मग ते आवाजाच्या रोखानं खाली शेताकडे यायला लागले. आवाज आईचा.

मी बांधावरून बघितलं. वळणावर पांढरी पँट, मागे मुलाचे मामा असावेत असे एक गृहस्थ आणि पुढे रुमालानं कपाळ टिपत येणाऱ्या बाई. इकडे आई पाठमोरी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चांदण्यातल्या भेटीचं गाणं अगदी भरात. मी धावत खाली उतरले आणि तिच्या कानाशी, पण सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी, बोलले, “आई, पुरे. पाहुणे आलेत. बाबा जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि तू असली गाणी गातेस? माझा तरी विचार कर. मला कोण करून घेईल?”

ओळ अर्धी होती, ती तिथंच राहिली. तिनं खोचलेली साडी सोडली, पदर सारखा केला. “बरं,” म्हणाली. एवढंच. मुक्ताकाकीनं माझ्याकडे असं बघितलं, ते आजही आठवलं की मान खाली जाते.

घरी आल्यावर पाणी झालं, पोहे झाले. बाई अघळपघळ होत्या, पायऱ्या चढून दमल्याचं सांगत होत्या, आमच्या डोंगरातल्या वाऱ्याचं कौतुक करत होत्या. मी बशा देत होते. त्यांनी सहज विचारलं, “शेतात गात कोण होतं हो? आम्ही त्या आवाजावरूनच वाट काढली.”

आई तोंड उघडणार तोच मी बोलले. “शेजारची काकी. मुक्ताकाकी. आमच्यात कुणी गात नाही.”

शेवटचं वाक्य कशाला जोडलं, देव जाणे. ते कुणी विचारलंच नव्हतं. मी आईकडे बघितलं नाही. चुलीपाशी ती चहाचं आधण बघत होती. मग तिचाच आवाज आला, शांत, रोजच्यासारखा. “हो, मुक्ता ती. तिला नादच हाय गाण्याचा.”

लग्न ठरलं. मला वाटलं, मी हुशारीनं निभावून नेलं.

लग्न आमच्याच दारात, वैशाखात. सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. हळदीच्या वेळी माईंनी मांडवात सगळ्या बायांसमोर विचारलं, ती गाणारी काकी कुठं आहे, तिला पुढे करा, एक गाणं होऊ दे. मुक्ताकाकीला चार बायांनी ढकलून पुढे आणलं. तिला आरतीसुद्धा धड येत नव्हती. तिनं आईकडे बघितलं, आईनं हळदीच्या ताटाकडे. काकीनं गळ्याला हात लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली की घसा बसलाय, मांडवाच्या धुळीनं. तो घोगरा आवाज तिला काढावा लागला नाही, देवानं दिलेलाच होता. माई हळहळल्या. बाकीच्या बाया, ज्यांनी जन्मभर आईचं गाणं ऐकलं होतं, त्या सगळ्या गप्प. एकीनंही तोंडातून शब्द काढला नाही. लेकीचं लग्न मोडू नये म्हणून अख्खी वाडी माझ्या खोट्यात सामील झाली. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आलं असेल ते मला विचारवत नाही.

तिथून पुढे माईंचं सुरूच. मी माहेरी निघाले की, ती गाणारी काकी बरी आहे ना? तिच्यासाठी बांगड्या दिल्यात, देशील. एकदा साडी दिली, निळ्या काठाची. मी ती आईच्या समोरच काकीला द्यायची. काकी घ्यायची, नाही कशी म्हणणार, आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात गाठून सुनवायची. “तुझ्यापायी गाणारी झाले गो मी. वर गेल्यावर देवानं गा म्हटलं तर काय करू?” मी हसून वेळ मारून न्यायची. आई आत असायची, सगळं ऐकत.

आई गात नाही, हे माझ्या ध्यानात यायलाच वर्ष गेलं. मी नव्या संसाराच्या तोऱ्यात. पुढच्या कापणीला माहेरी गेले तर पातीत सगळं सामसूम. बाया विळे चालवताहेत, मधूनच कुणी म्हशीचं बोलतंय. मी मुक्ताकाकीला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आईला विचार. आईला विचारलं, तर म्हणाली, श्वास पुरत नाय आता. तेव्हा ती जेमतेम पंचेचाळिशीची होती. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती, तेव्हा श्वास पुरत होता. हळूहळू सावडीत तिचं नाव मागे पडलं. आधी दुसरं-तिसरं, मग शेवटून. त्यात कुणाचा दोष नाही, जड हाताची बाई कुणाला हवी असते.

मी काही केलं नाही असं नाही. जे करायला नको ते केलं. पहिल्या पगारानंतर तिला कॅसेट लावायचं यंत्र नेऊन दिलं, बाजारपेठेतून तिच्या सगळ्या गाण्यांच्या कॅसेटी शोधून काढल्या. दुकानदाराला चांदण्याचं, होडीतलं असं सांगून तीन खेपा घातल्या. तिनं ते पडवीत ठेवून ऐकलं. “छान हाय,” म्हणाली. ओठ हलले नाहीत. गाणं संपल्यावर तिनं ते बंद केलं, वर धूळ बसू नये म्हणून फडका घातला आणि म्हशीकडे गेली. मी तिला गाणं परत देऊ पाहत होते, आणि घेतलं होतं भलतंच काहीतरी. तेव्हा कळलं नाही.

आता तर जुन्या गाण्यांना केवढी प्रतिष्ठा आली आहे. गेल्या वर्षी महाडात काही हौशी मंडळींनी जुन्या प्रेमगीतांचा कार्यक्रम केला. मास्तर, कारकून, डॉक्टरांच्या बायका, सगळे गाणारे. बायका रेशमी साड्या नेसून हातात वही धरून माइकसमोर उभ्या. साठीच्या बाई ‘तू’ला उद्देशून लाजत होत्या आणि त्यांचे यजमान पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. एक तर नवरा गेलेल्या, त्या गायल्या तेव्हा लोक उभे राहिले. निवेदक म्हणाले, प्रेमाला वय नसतं. सभागृह गहिवरलं. मी मागच्या खुर्चीत बसून पदराशी चाळा करत होते. हेच सगळं माझ्या आईनं उन्हात, चिखलात, वहीशिवाय केलं होतं, आणि तिला मी म्हटलं होतं, पुरे.

येताना माई रिक्षात म्हणाल्या, “छानच गायल्या सगळ्या. पण तुमच्या मुक्ताकाकीची सर नाही. खरं सांगू का नंदा, त्या दिवशी मी वरच्या वळणावर दहा मिनिटं उभी होते. बरोबरच्यांना म्हटलं, जरा थांबा, संपू दे. आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तोपर्यंत मी एकदाही रडले नव्हते. त्या गाण्यानं रडले. म्हणूनच मी मामांना म्हटलं, इथली मुलगी आपल्याला चालेल.”

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. रिक्षा घरापाशी आली, माई उतरल्या, सुटे पैसे शोधायला लागल्या, आणि मी पुन्हा गप्प बसले. भित्रेपणाला सबब लागत नाही, सुट्या पैशांचीसुद्धा पुरते.

या पावसाळ्यात मुक्ताकाकी गेली. कळल्यावर माई फार हळहळल्या. कापणीच्या दिवसांत काकीच्या घरी भेटून येऊ, म्हणाल्या. आता आली का पंचाईत. त्या काकीच्या सुनेसमोर बसून म्हणणार, तुमच्या सासूबाई काय गायच्या हो, आणि ती सून बिचारी माझ्या तोंडाकडे बघणार. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. पोलादपूरला गाडी बदलली. सबंध रस्ताभर मी एकच वाक्य मनात घोळवत होते.

वाडीत नेहमीसारखंच कुणी नाही, सगळे शेतावर. आमच्याच शेतात सावड होती. आता सहा-सात बायाच उरल्यात, बाकीची घरं मुंबईला. आई पातीच्या शेवटाला. मुक्ताकाकीची सून कल्पना मधे. माई बांधावर पोत्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि कल्पनाला जवळ बोलावून त्यांनी सुरू केलंच. तुझ्या सासूबाईंचा आवाज अजून माझ्या कानात आहे, वगैरे. कल्पना विळा हातात धरून गोंधळून उभी.

मी म्हणाले, “माई, त्या दिवशी गात होती ती मुक्ताकाकी नव्हती. ती माझी आई होती. मी खोटं बोलले होते.”

विळे थांबले. इतक्या वर्षांचं ओझं उतरवल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मी आईकडे बघत राहिले. ती सावकाश उठली, कंबरेला हात देऊन.

“नाय वो, इनबाय,” ती माईंना म्हणाली. “मुक्ताच ती. लेक उगा मला मोठेपण देतेय.”

कल्पना म्हणाली, आमच्या सासूबायनं तर पोरांना अंगाईपण म्हटली नाय कधी. आई तिला म्हणाली, “तू यायच्या आदीची गोष्ट. काय गायची तुझी सासू! आम्ही विळे टाकून ऐकायचो.” कल्पनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या सासूचं असं काही तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माईंनी एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माई खुळ्या नाहीत. त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि कल्पनाबरोबर तिच्या घरी चहाला गेल्या.

बाया जेवायला सावलीत गेल्या. आई पात पुरी करायला थांबली, मीही दुसरा विळा घेतला आणि तिच्या बाजूला बसले. असं का केलंस, म्हणून विचारलं.

“इतकी वरसं तिच्या नावावर हाय, राहू दे,” ती म्हणाली. “मेल्या माणसाचं काढून घेऊ नये.”

“मग आता एक गा. माझ्यासाठी. इथं कुणी नाही.”

तिनं भाताची मूठ कापली, आडवी ठेवली.

“गाणी सगळी हायत गो. रोज मनात येतात. तुला वाटतं मी गाण्यावरून रुसले. गाण्याचं काय एवढं, ते रेडिओवर पण हाय. पण तुला लाज वाटली ती माझी. ज्या आवाजाची लेकीला लाज वाटली, तो आवाज मग मलाच नको झाला.”

ती रागानं बोलली नाही. मी माफी मागितली, पंधरा वर्षांनी, चिखलात उकिडवी बसून. “असू दे,” ती म्हणाली आणि तिनं पुढची मूठ धरली. मग आम्ही दोघी पातीच्या टोकापर्यंत कापत गेलो.